आल्फ्रेड डेलर : खोट्या आवाजाची खरी गोष्ट

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने मोबाइलवर एक इंग्रजी गाणे लावले आणि विचारले, “मामा, ओळखा, कोण गातंय?” उंच, बारीक, काहीसा थंड वाटणारा आवाज. मी म्हटले, “कोणी प्रौढ गायिका असावी.” त्याने हसत छायाचित्र दाखवले. चांगला दाढीवाला गृहस्थ! हाच आल्फ्रेड डेलर. जन्म १९१२, इंग्लंडच्या केंट परगण्यातले समुद्रकाठचे गाव मार्गेट.

वाचकांना इथे बालगंधर्व आठवतील. मलाही आठवले. पण तुलना फार पुढे जात नाही. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्री होत, आणि गात मात्र आपल्या नैसर्गिक आवाजात. डेलर कधी स्त्री झाला नाही. तो पुरुष म्हणून उभा राहिला, पुरुषाची गाणी गायला, फक्त आवाज तेवढा आपल्या अपेक्षेच्या वरचा. शालू नेसलेल्या नटाला आपण पटकन मान देतो. साध्या कोटातल्या माणसाचा उंच सूर मात्र आपल्याला अस्वस्थ करतो. का, याचा विचार मी त्यापूर्वी केला नव्हता.

या जातीच्या गायकाला तिकडे काउंटरटेनर म्हणतात. जुन्या इटलीत मुलांचा कंठ फुटू नये म्हणून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करीत. त्या दुर्दैवी गायकांशी याचा संबंध नाही. डेलरचा कंठ चारचौघांसारखाच फुटला होता. स्वरतंतूंच्या केवळ कडा कंप पावतील असा गळा लावला की कोणाही पुरुषाला हा वरचा आवाज काढता येतो. आपल्याकडे त्याला सरळ ‘खोटा आवाज’ म्हणतात. शब्दातच निकाल लागलेला!

डेलर मुलगा असताना चर्चमध्ये गात असे. मोठा झाल्यावरही तो वरच गात राहिला. रीतसर तालीम म्हणावी अशी नाहीच. फर्निचरच्या दुकानात नोकरी आणि बाकी वेळ गाणे. १९४० साली त्याला कँटरबरीच्या कॅथीड्रलमधील गायकवृंदात जागा मिळाली. इंग्लंडच्या कॅथीड्रलांत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया गात नसत. वरचा सूर मुले आणि त्याखालचा असे पुरुष या खोट्या आवाजात धरीत. म्हणजे आवाज नवा नव्हता. तो रांगेत होता, कोणी त्याला एकट्याला पुढे उभे केले नव्हते, इतकेच. १९४३च्या सुमारास मायकेल टिपेट या संगीतकाराने त्याला ऐकले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या मॉर्ले कॉलेजात पर्सेलच्या रचना गायला उभे केले. हेन्री पर्सेल १६९५ मध्ये वारलेला. त्याने ‘काउंटरटेनर’ म्हणून लिहिलेल्या जागा अडीचशे वर्षे कोणी या आवाजात मैफलीत फारशा मांडल्या नव्हत्या. २९ सप्टेंबर १९४६ रोजी बी.बी.सी.ची ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही वाहिनी सुरू झाली, त्या रात्री डेलर देशभर ऐकला गेला.

हे वाचताना मला एक मुलगा आठवत राहिला. मी तेव्हा सहशिक्षक होतो, प्रार्थनेचा गट माझ्याकडे असे. घरी कानडी बोलणारा हा मुलगा अभंग असा म्हणे की मैदान स्तब्ध होई. नववीत त्याचा कंठ फुटला, पण गाताना तो जुन्याच पट्टीत जाई, आणि सूर अगदी स्वच्छ लागे. पोरे हसू लागली. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, “आता मोठा झालास, पुरुषासारखा गा.” तो गायचाच थांबला. पोरांच्या हसण्यापेक्षा माझे ते वाक्य त्याला लागले असणार.

डेलरने गायलेले पर्सेलचे ‘म्युझिक फॉर अ व्हाइल’ अवश्य ऐकावे. १६९२च्या सुमारास ‘ईडिपस’ नाटकासाठी रचलेले हे गीत. खर्जात एक छोटी ओळ पुन्हापुन्हा फिरत राहते. आपल्या तबल्याच्या लेहऱ्याची आठवण व्हावी, फक्त ही ओळ हळूहळू वर चढते. सूडदेवतेच्या केसांतून साप गळून पडतात त्या ठिकाणी ‘पडणे’ हा एकच शब्द पर्सेल तुटक तुटक पुन्हा घेतो. दुसरे गायक इथे अभिनय करतात. डेलर नुसता सूर सोडतो, आणि पुढचा सूर जणू आपोआप ठिबकतो. त्याचा आवाज लहान आहे, भरदार मुळीच नाही. पण सूर शून्यातून उचलून फुगवावा आणि पुन्हा शून्यात न्यावा ही त्याची करामत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा बारीक, उंच सूर ज्यांच्या कानात आहे, त्या आपल्या भागातल्या रसिकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

बेंजामिन ब्रिटनने शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चा ऑपेरा केला, तेव्हा परीराजा ओबेरॉनची भूमिका डेलरसाठीच लिहिली. जून १९६० मध्ये ऑल्डबरोच्या छोट्या सभागृहात पहिला प्रयोग झाला. डेलर अठ्ठेचाळीस वर्षांचा, रंगभूमीचा सराव नाही, हालचाली अवघडलेल्या. समीक्षकांनी झोडपले. १९६१ मध्ये कोव्हेंट गार्डनच्या भव्य रंगमंदिरात ती भूमिका रसेल ओबर्लिन या अमेरिकनाला मिळाली. समीक्षक अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही; एवढ्या मोठ्या घरात हा आवाज विरलाच असता. पण १९६६ साली ब्रिटनच्याच मार्गदर्शनाखाली झालेल्या ध्वनिमुद्रणात डेलरचा ओबेरॉन ऐकावा. हा राजा माणूस नव्हे हे पहिल्या दोन सुरांत पटते. नंतरचे जेम्स बोमन वगैरे या भूमिकेत अधिक खणखणीत आहेत, पण ते माणसेच वाटतात.

दोषही सांगितले पाहिजेत. उत्तरायुष्यातल्या मुद्रणांत आवाज विरळ झाला आहे, आणि प्रत्येक सूर फुगवण्याची खोड वाढली आहे. साधी लोकगीते त्यामुळे उगाच नाजूक होतात. शिवाय पर्सेलचे काउंटरटेनर खरोखर असे गात होते की ते नुसते उंच आवाजाचे टेनर होते, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. समजा, डेलरची इतिहासाची समजूत चुकीची ठरली, तरी त्याच्या मागून जी गायकांची रांग आली ती खोटी ठरत नाही. त्याचा मुलगा मार्क त्याच वाटेने गेला. स्वतः डेलर १६ जुलै १९७९ रोजी इटलीत बोलोन्याला वारला.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे, हुबळीला दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला, वाकून नमस्कार केला, “सर, बरे आहात ना?” म्हणाला. बोलण्याचा आवाज चांगला घोगरा. गातोस का, हे मी विचारले नाही.