आभासी जाळी आणि रांगांचा प्रश्न

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयईईई ८०२.१क्यू’ या मानकाने एकाच तारेवर अनेक आभासी स्थानिक जाळी नांदविण्याची सोय केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. इथरनेटच्या फ्रेममध्ये ४ बाइटांची खूणचिठ्ठी घालावयाची. तिच्यातील १२ बिटांनी जाळ्याचा क्रमांक सांगावयाचा व ३ बिटांनी अग्रक्रम. हिशेबखात्याचे पॅकेट प्रयोगशाळेच्या यंत्राकडे जाऊ नये, एवढे कार्य ही चिठ्ठी चोख बजावते. परंतु जे वेगळे ओळखले जाते ते वेगळे वाहतेही, असा जो समज या योजनेभोवती रूढ झाला आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

विभागणी होते ती ओळखीची. तारेच्या क्षमतेची नव्हे. क्रमांक ४०९४ उपलब्ध असले, तरी दोन स्विचांमधील सामायिक दुव्यावर त्या सर्व जाळ्यांची पॅकेटे एकाच दाराशी येऊन उभी राहतात. लिनक्स प्रणालीत तर हे उघडच दिसते : वेगळी योजना केली नसेल, तर आभासी जोडणीला स्वतःची रांगच नसते, पॅकेट तडक खालच्या प्रत्यक्ष जोडणीच्या रांगेत जाते.

अग्रक्रमाच्या ३ बिटांनी ८ वर्ग मिळतात. (त्यांत १ हा अंक शून्याच्याही खालचा मानला जातो, ही विसंगती सवयीनेच अंगवळणी पडावयाची.) वरच्या वर्गाची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या वर्गाची पाळी येत नाही, हा मानकाचा मूळ नियम. ध्वनिसंभाषणासारख्या अल्प वाहतुकीला तो मानवतो; वरच्या वर्गावर मर्यादा नसेल, तर खालचा उपाशी राहतो. शिवाय कोणी आधी जावे हे सांगणारी ही चिठ्ठी, रांग किती लांब असावी याविषयी मौनच पाळते.

खरी मेख तेथेच आहे. १५०० बाइटांची १००० पॅकेटे पुढे असता, १ गिगाबिट वेगाच्या तारेवर सुमारे १२ मिलिसेकंद थांबावे लागते. तीच रांग १० मेगाबिटच्या दुव्यावर १.२ सेकंद घेते, आणि संभाषण अशक्य होते. साठवण वाढविली की गर्दीचे दुखणे बरे होते, ही कल्पना जॉन नेगल यांनी १९८५ सालीच खोडून काढली होती. साठवण अमर्याद असली, तरी पॅकेटाचे आयुष्य मर्यादित असते. रांगेतच ते संपते. प्रत्येक उगमाला स्वतंत्र रांग व पाळीपाळीने सेवा, हा त्यांचा उपाय. २०१२ साली कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी मांडलेली ‘कोडेल’ पद्धती पॅकेटांची संख्या न मोजता त्यांनी रांगेत काढलेला वेळ मोजते. ५ मिलिसेकंदांहून अधिक प्रतीक्षा १०० मिलिसेकंद टिकून राहिली, की ती पॅकेटे टाकू लागते. टाकलेले पॅकेट हीच प्रेषकाला वेग कमी करण्याची सूचना होय.

नेगल यांची पाळी व कोडेलचे घड्याळ एकत्र करणारी ‘एफक्यू-कोडेल’ ही योजना पुष्कळच समाधानकारक आहे. तथापि ती प्रवाह मोजते, जाळी मोजत नाही. शंभर प्रवाह उघडणारे जाळे एकाच प्रवाहाच्या जाळ्याला सहज मागे सारते. म्हणून प्रत्येक जाळ्याला किमान वाटा नेमून देणारी श्रेणी आधी आणि तिच्या पोटात ही योजना, हाच क्रम सयुक्तिक ठरतो. बाहेर जाणारा एकूण वेगही पुढील मोडेमच्या वेगाहून किंचित कमी राखावा लागतो. एरवी रांग मोडेमच्या पोटात साचते, आणि तेथे व्यवस्थापकाचा कोणताच नियम पोचत नाही.