स्तोत्रें कीं करुणाष्टकें ?

ख्रिस्ती पवित्र शास्त्राच्या जुन्या करारांत दीडशें गीतांचा एक संग्रह आहे. त्यास मराठींत 'स्तोत्रसंहिता' असें नांव रूढ झालें आहे. 'स्तोत्र' म्हटलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें रामरक्षा येते, गणपतिस्तोत्र येतें. तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लावून, ठरलेल्या चालीवर मुलांकडून म्हणवून घ्यावयाचें स्तवन, असा त्या शब्दाचा संस्कार आहे. तोच संस्कार मनाशीं धरून कोणी ही संहिता उघडील तर पहिलीं कांहीं पृष्ठें उलटतांच तो गोंधळांत पडेल. तिसरें गीत पोटच्या मुलाच्या बंडापुढें पळ काढणाऱ्या बापाचें आहे, असें त्याचें शीर्षक सांगतें. सहाव्यांतील रोगी रात्रभर रडून अंथरूण भिजवितो. तेराव्यांत कोणी एक जण, हें कोठवर चालावयाचें, असें देवाला एकदां नव्हे, चार वेळां विचारतो. याला स्तवन म्हणावें तर फिर्याद कशाला म्हणावें ?

याचा दोष भाषांतरकारांवर टाकतां येत नाहीं. मूळ हिब्रूंतच या संग्रहाचें नांव 'तेहिल्लीम' म्हणजे 'स्तवनें' असें आहे. परंतु संग्रह करणारांस तें नांव पुरतें पटलें होतें असें दिसत नाहीं. संहितेचे पांच भाग आहेत. त्यांपैकीं दुसरा भाग बहात्तराव्या गीताशीं संपतो, तेथें दाविदाच्या 'प्रार्थना' समाप्त झाल्या अशी नोंद त्यांनीं करून ठेविली आहे. एकंदर ७३ गीतांच्या माथ्यावर दाविदाचें नांव आहे; तरी सर्व गीतें एका हातचीं नसून तीं शतकानुशतकें जमत गेलीं असें अलीकडील पंडितांचें मत आहे. त्यांपैकीं जर्मन पंडित हेर्मान गुंकेल यांनीं १९२६ सालच्या आपल्या भाष्यांत गीतांची प्रकारवार छाननी केली, तेव्हां एकट्या दुःखी माणसाच्या विलापाचीं गीतें संख्येनें सर्वांत अधिक भरलीं. स्तवनांचा म्हणून जो ग्रंथ प्रसिद्ध, त्यांत विलापांचा भरणा सर्वांत मोठा असावा, ही गोष्ट किरकोळ नव्हे. संकटांत सांपडलेला मनुष्य या ग्रंथाकडे वळतो तो त्यामुळेंच, असें आम्हांस वाटतें. ज्याचें घर बुडालें त्यास 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसविणारे शेजारी हवे तितके मिळतात. त्याचें गाऱ्हाणें देवापुढें मांडून देणारा सोबती क्वचित् मिळतो.

या जातीच्या काव्यास मराठींत नांव नाहीं असें नाहीं. समर्थांचीं करुणाष्टकें घरोघर म्हटलीं जातात. आमच्या आष्ट्याप्रमाणेंच वाळवें तालुक्यांत असलेल्या बहे गांवीं कृष्णेच्या पात्रांतल्या बेटावर समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक मारुति आहे. नदीचा लोंढा त्यानें दोन्ही बाहूंनीं थोपविला अशी आख्यायिका इकडे सांगतात. नदीकांठच्या माणसाला असाच देव लागतो. परंतु लोंढा दर वेळीं थोपविला जातोच असें नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं, जेथें धोक्याची पातळी ४५ फूट मानितात तेथें, पाणी ५७ फुटांवर गेलें. ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी नाव उलटली आणि जीं वांचावयाचीं तींच बुडालीं. दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलईंत, नदी पुन्हां घरांत शिरली.

अशा मुलुखांत एकोणसत्तरावें स्तोत्र वाचणें हा निराळा अनुभव आहे. त्याचा आरंभच बुडणाऱ्या माणसाच्या हांकेनें होतो. पाणी कोठपर्यंत चढलें हें सांगतांना तेथें जो हिब्रू शब्द आला आहे तो 'नेफेश'. या शब्दाचा एक अर्थ गळा आणि दुसरा अर्थ जीव. इंग्रजी भाषांतरकारांस येथें दोहोंपैकीं एक निवडावा लागतो. कोणी गळा घेतो, कोणी आत्मा घेतो, आणि आत्मा घेणाराच्या हातीं तें पाणी पाणी न राहतां रूपक होऊन बसतें. मराठींत मात्र 'जीव कंठाशीं येणें' हा प्रयोग बायाबापड्यांच्या नित्याच्या बोलण्यांतला आहे. चिखल, पाय टेकावयास ठाव नसणें, ओरडून ओरडून घसा कोरडा पडणें, हीं त्या गीतांतील सर्व चित्रें कृष्णाकांठच्या माणसास टीपांवांचून समजतात. पवित्र शास्त्राच्या पंडितांनीं कधींतरी पुराच्या गांवीं येऊन हें गीत वाचून दाखवावें.

करुणाष्टकांशीं या गीतांचें जवळचें नातें आहे खरें, तथापि एक भेद डोळ्यांआड करतां येत नाहीं. समर्थांची करुणा बहुतांशीं स्वतःच्या मनावर उलटते. अनुताप हा तिचा स्थायी सूर आहे. स्तोत्रकर्ता पुष्कळदां याच्या उलट बोलतो. चव्वेचाळिसाव्या गीतांत सबंध लोकसमुदाय देवाला बजावतो कीं, आम्ही तुला विसरलों नाहीं, करार मोडला नाहीं, तरी तूं आमची ही दशा केलीस. आणि तेवढ्यावर न थांबतां, झोंपलास कशाला, असेंहि विचारतो. निरपराध्याचा असा उघड सवाल करुणाष्टकांत सहसा आढळत नाहीं. त्यासाठीं आपणांस तुकोबांकडे जावें लागतें. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत बायको आणि मूल गमावलेल्या त्या वाण्यानें विठोबाशीं जो उभा दावा मांडला, त्याच्या शेजारींच हें गीत शोभेल. नामदेव आणि जनाबाई यांचीं भांडणें याच कुळांतलीं. म्हणून, परक्या धर्माचें पुस्तक म्हणून जे सुशिक्षित वाचक या संहितेला हात लावीत नाहींत ते, आमच्या मतें, स्वतःच्याच घराच्या एका खोलीला कुलूप लावून बसले आहेत.

मराठींत ही संहिता ज्यांच्या हातून आली त्यांत एका नांवाशीं थांबलेंच पाहिजे. पंडिता रमाबाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं पुष्कळ वर्षें केडगांवच्या मुक्तिसदनांत संपूर्ण बायबलाच्या भाषांतरांत घालविलीं. त्यासाठीं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतांत पंडिता ही पदवी मिळविलेल्या या बाईंनीं मुद्दाम संस्कृताचा डौल टाकून, थोडें वाचतां येणाऱ्या खेड्यांतल्या बाईला कळेल अशा मराठीचा आग्रह धरिला. मजकुराची जुळणी आणि छपाई सदनांतल्या स्त्रियांनींच केली. बाईंचें आयुष्य वाचकांस ठाऊक आहे. तरुणपणींच दुष्काळांत अन्नावांचून आईबाप गेले, पुढें भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षें होतात न होतात तोंच १८८२ सालीं पति गेले. उरलेली एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ सालीं वारली. पुढल्या वर्षीं ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला, तेव्हां भाषांतराचें काम पुरें होत आलें होतें. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. दुःखाच्या ग्रंथाला इतका अधिकारी भाषांतरकार क्वचित् लाभतो. तरीहि त्या भाषांतराचा मराठी समीक्षेनें आजवर जेवढा विचार करावयास हवा होता तेवढा केला नाहीं, अशी आमची तक्रार आहे. रमाबाईंच्या धर्मांतरावर ग्रंथ भरले. त्यांच्या मराठीवर चार पृष्ठें लिहिण्यास कोणास सवड झाली नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल' वाचकांनीं आपलेंसें केलें, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदीं त्यांना बसविलें; तेव्हां काळ थोडा बदलला आहे हें खरें.

संहितेंतून काय वगळावें, हा वाद मात्र अजून शमलेला नाहीं. भेटीदाखल वांटावयाच्या दिनदर्शिकांवर नेहमीं तेविसावें गीत असतें, मेंढपाळाचें. तें सुंदरच आहे. आणि आटपाडी-जतकडच्या धनगरांना मेंढरें घेऊन मुलुखभर हिंडतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्यांतली काठी ही शोभेची वस्तु नव्हे हेंहि कळतें. पण त्या एका गीतावर सर्व संहिता मोजणें म्हणजे हरिपाठावरून सबंध गाथा मोजण्यासारखें आहे. एकशें सदतिसावें गीत बाबेलांतल्या हद्दपारांचें. यरुशलेम धुळीस मिळाल्यानंतरच्या त्या आठवणी वाचतांना डोळे भरून येतात. आणि शेवटच्या ओळींत शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयीं अशी कांहीं इच्छा प्रगट होते कीं वाचणाराचा आवाज अडतो. रोमन कॅथॉलिक मंडळीनें १९७१ सालीं आपली नित्यप्रार्थना नव्यानें सिद्ध केली, तेव्हां ५८, ८३ व १०९ हीं तीन शापगीतें सबंध वगळलीं आणि १३७ व्याच्या त्या ओळीहि गाळल्या. सार्वजनिक उपासनेपुरता हा निर्णय समजूं शकतो. ग्रंथ वाचणाराला मात्र तो मानवणार नाहीं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या मनांत सूड येतोच. तो शत्रूच्या दारीं जाऊन उगवण्याऐवजीं देवाच्या कानांत ओतला गेला, येवढें तरी ह्या गीतांनीं केलें आहे. त्या ओळी कोणी गोड करून सांगूं लागला तर आम्ही त्याचें ऐकणार नाहीं, आणि त्या फाडून टाकणाराचेंहि नाहीं.

या विलापांतून आशा कोठून येते, हा खरा कठीण प्रश्न. बाविसावें गीत पाहा. क्रुसावर मरतांना येशूनें ज्याचा आरंभ उच्चारला तेंच हें गीत. निम्म्याहून अधिक भाग टाकलेल्या, हिणविलेल्या, हाडें मोजतां येतील इतक्या खंगलेल्या माणसाचा आहे. आणि मग एकाएकीं, मध्यें कांहीं घडल्याचें न सांगतां, तो भर सभेंत देवाचे आभार मानूं लागतो. तेराव्यांतहि हाच चमत्कार सहा ओव्यांएवढ्या जागेंत होतो. योआखिम बेग्रिख या पंडितानें १९३४ सालीं असा तर्क मांडला कीं, विलाप आणि आभार यांच्या मधल्या जागीं मंदिरांतला याजक उठून देवाचें अभयवचन उच्चारीत असे. तें वचन लेखांत राहिलें नाहीं, त्याचा परिणाम तेवढा राहिला. तर्क मोठा मोहक आहे. त्यानें सर्व गीतांचा उलगडा होत नाहीं हेंहि खरें. मंदिर पडल्यावर दूरदेशीं एकटा बसून हें गीत म्हणणाराला अभय कोण देत होता?

आम्हांस या गीतांतील आशेचें मूळ एका लहानशा व्याकरणांत दिसतें. कितीहि राग आला तरी स्तोत्रकर्ता देवाविषयीं फार वेळ तृतीय पुरुषांत बोलत नाहीं. फिरून 'तूं'वर येतो. हिब्रूंत आदराचा वेगळा 'तुम्ही' नाहीं, म्हणून मूळ कवीपुढें निवड नव्हती. मराठी भाषांतरकारांपुढें ती होती. सासऱ्यास 'तुम्ही', नवऱ्यास 'अहो', साहेबास 'आपण' म्हणणाऱ्या समाजांत त्यांनीं देवाकरितां 'तूं' ठेविला, आणि विठ्ठलाच्या भक्तांनीं ती वाट आधींच मळून ठेविली असल्यामुळें तो कोणास उद्धट वाटला नाहीं. आमच्या घरांतून 'तूं' म्हणून रागें भरण्याचा हक्क ज्या थोड्या माणसांपाशीं चालतो त्यांत पहिली आई. लेंकरूं आईवर कितीहि रुसलें तरी आईशींच भांडतें. शेजारणीशीं तिच्या कागाळ्या करीत बसत नाहीं. बेचाळिसाव्या गीतांतला तहानेला मनुष्य स्वतःच्या जिवालाहि असेंच समोर बसवून विचारतो, खचलास कां म्हणून. आणि तीच ओळ पुढें पुन्हां घेतो, आणि त्रेचाळिसाव्या गीतांत तिसऱ्यांदा घेतो. एकदां सांगून मन ऐकत नाहीं हें त्याला ठाऊक आहे. ज्यांनीं आजाऱ्याच्या उशाशीं रात्री काढिल्या आहेत त्यांना या पुनरुक्तीचा कंटाळा येणार नाहीं.

परंतु एक गीत असें आहे कीं ज्यांत वळण येतच नाहीं. अठ्ठ्याऐंशीवें. त्याच्या माथ्यावर एज्राही हेमान याचें नांव आहे. विलापाच्या बहुतेक गीतांत शेवटीं आभाराचा एखादा शब्द, निदान आभाराचें वचन तरी असतें; येथें तेंहि नाहीं. हा मनुष्य तरुणपणापासून मरणाच्या काठावर आहे, स्नेही दूर गेले आहेत, आणि तो रोज सकाळीं उठून पुन्हां हांक मारतो. त्याला उत्तर मिळत नाहीं. संग्रह करणारांस हें गीत वगळणें सोपें होतें. त्यांनीं तें वगळलें नाहीं, आणि त्याला कोणी शेपूट जोडून तें गोडहि केलें नाहीं. हिब्रूंत त्याचा अगदीं शेवटला शब्द 'अंधार' असा आहे. त्यानंतर क्रियापद नाहीं, कांहीं नाहीं. मराठी वाक्याला क्रियापदावर टेकून बसण्याची खोड असल्यामुळें भाषांतरांत त्या शब्दामागें कांहींतरी येऊन उभें राहतें आणि त्याची धार जाते. पुढें कोणी या संहितेला नव्यानें हात घालील त्यानें निदान येथें तरी व्याकरणाची भीड बाजूला ठेवून तें वाक्य त्याच शब्दावर तोडावें.