बोलत्या लेकराचे आईबाप

मराठीत आजारपणाचे लेखन कमी नाही. पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’ रुग्णाच्या बाजूने लिहिलेले आहे, डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ डॉक्टरच्या बाजूने. जोडीदाराने लिहिलेल्या आठवणी तर दिवाळी अंकांच्या वाचकाला नव्या नाहीत. या सगळ्यात एक निवेदक मात्र भेटत नाही. पंचविशी-तिशीतल्या मुलाला किंवा मुलीला कॅन्सर झाला आहे, उपचार चालू आहेत, आणि फाईल काखेत धरून बरोबर बसलेली आई किंवा वडील गोष्ट सांगत आहेत, असे पुस्तक आपल्या कपाटात नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते की असले दुःख शब्दांत मावत नाही. मला ते पटत नाही. अपत्यदुःख मराठीने भरभरून लिहिले आहे. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मधली आई तीन पिढ्यांना पाठ आहे. आमच्या देहूरोडला, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथल्या घरांत किसा गोतमीची गोष्ट सांगावी लागत नाही. ती ठाऊकच असते. पण या दोन आयांच्या मांडीवरची मुले पाहा. दोन्ही तान्ही, दोन्ही गेलेली. मूल बोलू शकत नाही म्हणून आई बोलते.

मराठीबाहेरचे उदाहरण इझाबेल अलेंदे यांच्या ‘पाउला’चे. १९९४ साली आलेल्या या पुस्तकातली मुलगी अठ्ठावीस वर्षांची, लग्न झालेली. आजार कॅन्सर नाही, पोर्फिरिया. वय मोठे असूनही आईला लिहिता आले, कारण मुलगी बेशुद्ध होती. आई तिच्या उशाशी बसून तिलाच उद्देशून लिहीत राहिली. म्हणजे नियम तोच: लेकराची वाचा गेली की आईबापाला निवेदकाची जागा मिळते.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) याच चौकटीतला आहे, पण तो चौकटीच्या कडेला जाऊन उभा राहतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. कोकणातले आजोबा नातवाला शहरात आणतात. डोळ्यांचा कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. चित्रपटाचा खरा पेच शस्त्रक्रियेचा नाही. मुलाला हे सांगायचे की नाही आणि सांगायचे तर कोणी, यावर तो उभा आहे. अरुण नलावडे यांचे आजोबा आपण लक्षात ठेवतो ते रडण्यासाठी नव्हे. नातवाला घेऊन ते इस्पितळातून गुपचूप बाहेर पडतात आणि दिवसभर त्याला जग दाखवतात, यासाठी. हा निर्णय ते मुलाला न विचारता घेतात, आणि तो आपल्याला योग्य वाटतो. राष्ट्रीय पुरस्कारांत ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान थेट ‘श्वास’ला मिळाला. मधे पन्नास वर्षे गेली आणि मूल लहानच राहिले.

आता त्याच इस्पितळात परशाच्या जागी तिशीतला माणूस बसवून पाहा. संमतीपत्रावर सही त्याची. डॉक्टर बोलतात त्याच्याशी. बाप खोलीत असला तरी त्याला कळते ते मुलाने कळू दिले तेवढेच. न विचारता बाहेर नेण्याचा आजोबांचा हक्क इथे संपलेला असतो. सेवा मात्र संपलेली नसते. उलट, केमोथेरपी आता बहुतेक वेळा डे-केअरमध्ये होते. चार-सहा तास सलाईन आणि संध्याकाळी घर. खरे आजारपण पुढच्या दहा-पंधरा दिवसांत, लोकलने परत आणलेल्या घरात घडते. पांढऱ्या पेशी खाली येतात, तोंड येते, पाण्याला धातूची चव लागते.

आमच्या पट्ट्यात या नात्याला कागदानेही उलटे लिहून ठेवले आहे. केंद्र सरकारी वैद्यकीय नियमांत धडधाकट मुलगा पंचवीस वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचे लग्न झाले की बापाच्या कार्डावरून उतरतो. मग तो चाकणला एकवीस हजारांच्या आतल्या पगारावर लागतो आणि कामगार विम्यात येतो. त्या कार्डावर विमेदार तो आणि ‘अवलंबित’ त्याच्यावर विसंबलेले आईवडील. कॅन्सरसाठी दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रजाभत्त्याची तरतूद आहे, पण त्याआधी सलग दोन वर्षांची नोकरी लागते. कंत्राटी कामात ब्रेक पडलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. त्या मुलाला आंघोळ घालणारा बाप कागदावर त्याचा अवलंबित असतो. (भाषाही अशीच दुतोंडी. ‘पोरगा टाटाला आहे’ हे वाक्य पिंपरीत पेढे देऊन सांगतात, आणि परळच्या फेऱ्या करणाऱ्या घरात आवाज उतरवून.)

या उलटलेल्या नात्याला मराठीत सर्वांत जवळ पोचलेली कलाकृती आजारपणाची नाहीच. ती आहे तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३). त्यावरचे वाद बहुतेक दलित कवीच्या चित्रणाभोवती झाले, आणि ते आक्षेप मला बिनबुडाचे वाटत नाहीत. पण नाटक बाप आणि मोठी मुलगी म्हणून वाचले तर नाथ देवळालीकरांचे दुःख वेगळे दिसते. ज्योती मार खाते आहे. नाथ तिच्या वतीने काही करू पाहतो, मनाविरुद्ध जाऊन जावयाच्या पुस्तकाची जाहीर स्तुतीही करतो. आणि ज्योती त्यालाच आरोपी करते. तिचे दुःख तिचे आहे. बापाने त्याची व्यवस्था लावू नये. मुलीला वाचा आहे आणि बाप गप्प झाला आहे, असा शेवट मराठीत विरळा.

पुढे २००२ मध्ये प्रिया तेंडुलकर गेल्या. त्यांना स्तनाचा कॅन्सर होता, आणि वडील मागे राहिले. हे ठाऊक झाल्यावर ‘कन्यादान’मध्ये भविष्य शोधण्याचा मोह होतो. तो टाळावा. नाटक आधीचे आहे, आणि प्रिया स्वतः लेखिका होत्या. त्यांची गोष्ट सांगण्याचा पहिला हक्क त्यांचा होता.

इथेच मला त्या रिकाम्या जागेचे कारण दिसते. लेकरू बोलते आहे. त्याचे शरीर, त्याची भीती, त्याचे झडलेले केस ही बापाची सामग्री नाही. न लिहिलेल्या पुस्तकांतली काही तरी या समजुतीने राहिली असावीत, आणि त्यांना मी भित्री म्हणणार नाही. पण सगळेच सोडून द्यावे, असेही नाही. जॉन गुंथर यांनी सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूच्या गाठीवर लिहिलेल्या पुस्तकात (१९४९) मुलाची पत्रे आणि रोजनिशी त्याच्याच शब्दांत ठेवली, शेवटी आईलाही जागा दिली. एकाच पुस्तकात तीन माणसे लिहितात. मराठीला हा आकार परका नाही. फक्त तो छापखान्यापर्यंत गेलेला नाही.

तो घरातल्या वहीत असतो. गेली दोन वर्षे माझा मुलगा उपचार घेतो आहे. माझी पत्नी दोनशे पानी वहीत लिहिते: तारीख, ताप, काउंट, खाल्ले किती. १००.४च्या वर ताप गेला की ताबडतोब निघायचे, हे पहिल्या पानावर लाल शाईत आहे. साधारण चौथ्या सायकलपासून वहीत दुसरे अक्षर दिसू लागते. ‘वरण-भात, अर्धी वाटी’ यापुढे ‘पाऊण’ अशी दुरुस्ती. एका पानावर तिने ‘रात्री रडला’ असे लिहिले होते, ते त्याने एक रेघ मारून खोडले आहे. खालचे वाचता येईल इतपतच. हा परिच्छेद छापण्याआधी मी त्याला दाखवला. त्याने सायकलचा आकडा दुरुस्त केला, आजाराचे नाव काढायला लावले आणि खोडलेली ओळ राहू दिली.