बासरीला नोकरी कोणी दिली?

मंडळी, आजचा विषय ‘बासरीत करिअर’ असा जाहीर झाला आहे. करिअर हा शब्द आपण राहू देऊ, पण प्रश्न थोडा बदलून घेऊ. आपल्या जिल्ह्यात बासरीवाला कशावर जगेल?

धाराशिवात वाद्यांना पोट भरायची जागा नाही, असं कोणी म्हणणार नाही. तुळजापुरात गोंधळाला संबळ लागतो, तुणतुणं लागतं. लग्नाला, देवळातल्या चौघड्याला सनई लागते. गोरोबाकाकांच्या तेरपासून कुठल्याही गावच्या सप्ताहापर्यंत पखवाज आणि पेटीवाचून अडतं. बासरीवाचून मात्र काहीच अडत नाही. कृष्णाच्या प्रत्येक फोटोत ती आहे, पण देवळाच्या कामात तिला जागा नाही. जत्रेत ती फुग्यांशेजारी विकायला असते, आणि तिचा सूर कुठं लागेल ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून बासरीचा आधुनिक इतिहास वाचताना आम्ही आधी पगार कुठून आला ते बघतो. पन्नालाल घोष १९११ साली बारीसालला जन्मले. साधारण बत्तीस इंचांची मोठी बासरी त्यांनी मैफलीत आणली, तेव्हा कुठं ख्याल अंगानं आलाप करणं या वाद्याला शक्य झालं. पण ते मुंबईत आले ते सिनेमाच्या कामासाठी, आणि १९५६ मध्ये दिल्लीला गेले ते आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून. हरिप्रसाद चौरसिया १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणीत लागले, तिथून मुंबईला आले, मग स्टुडिओची कामं. देवळानं दिली नाही ती नोकरी रेडिओनं आणि सिनेमानं दिली. आता रेडिओत तशी भरती राहिली नाही, आणि स्टुडिओत बासरीचा आवाज कीबोर्डातून निघतो. राहिली शिकवणी.

आणि शिकवणीकडं आपण समीक्षक कसं बघतो? मैफलीवर दोन रकाने लिहितो, गुरूला ‘यांचे शिष्य’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो. ज्याचं मंचावर जमलं नाही तो शिकवतो, हा समज आमच्याच लिखाणानं पसरवला आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या समजाला सगळ्यात मोठं उत्तर अन्नपूर्णादेवींचं. त्या सूरबहार वाजवत. मंच त्यांनी सोडून दिला होता. तरी हरिप्रसाद आणि नित्यानंद हळदीपूर हे दोघं बासरीवादक त्यांच्याकडं शिकले. हरिप्रसाद गेले तेव्हा मुंबईत त्यांचं नाव झालेलं होतं. आधीचं सगळं विसरावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. तेव्हा त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडं घेतली, म्हणजे बोटांनाही पहिल्यापासून शिकावं लागलं. ही हकिकत ते स्वतःच सांगत आले आहेत. बासरी न वाजवणाऱ्या गुरूनं काय दिलं असेल? राग कसा उलगडायचा, कुठं थांबायचं, हे. फुंक त्यांच्याकडं आधीच होती, हे मात्र विसरू नका.

आपल्याकडची मेख नेमकी इथं आहे. गावात राग सांगणारे पेटीवाले, गाणारे गुरुजी भेटतात, फुंक सांगणारा भेटत नाही. मग पोरगं पेटीला जुळवून वाजवायला लागतं. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. बासरीत तर शुद्ध मध्यमसुद्धा पहिलं भोक अर्धं झाकून काढायचा, म्हणजे सगळी भिस्त कानावर. तो कान पेटीनं बांधून टाकला की पुढं मींड येते, पण सूर लागत नाही. यात गुरुजींचा दोष नाही हो. त्यांना जे येतं ते ते मनापासून देतात.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी खेड्यापाड्यांत शास्त्रीय संगीत नेलं, हे उपकार मोठे. पण विशारद झाला म्हणजे शिकवता येतं, हे आपण परस्पर ठरवून टाकलं. विशारदला राग, ताल, शास्त्र विचारतात. दहा वर्षांच्या मुलीची बोटं पांढरी तीनच्या लांब बासरीवर पोचत नाहीत, तिला कोणती बासरी द्यायची? चक्कर येते म्हणाली तर फुंक किती कमी करायची? हे शिकवणाऱ्याचं खरं ज्ञान, आणि त्यावर मराठीत कोणी धड लिहिलेलं आमच्या वाचनात आलेलं नाही. मोबाइलवरच्या शिकवणीत तर कोपऱ्यातून निसटणारी हवा ऐकूच येत नाही. आठवड्याला एकदा का होईना, समोर बसावं लागतं.

भजनात साथ करून पैसे मिळतील का, असं मघाशी एकानं विचारलं. मिळतील, पण हिशेब करा. पेटीवाला पट्टी बदलतो ती बोटं सरकवून. तुम्हाला काळी एक, काळी चार, पांढरी पाच, प्रत्येकाची वेगळी बासरी लागणार. पहिल्या वर्षाची बिदागी बासऱ्यांतच जाईल.

इथं तीन मापांच्या बासऱ्या ठेवल्या आहेत. ज्यांना फुंकून बघायचंय त्यांनी पुढं या, बाकीचे प्रश्न त्यानंतर घेऊ.