कोरलेली रेघ

गेल्या महिन्यात दक्षिण मुंबईतल्या एका दालनात ‘मुद्राचित्रे’ म्हणून लावलेली बारा चित्रे पाहिली. जुना पासपोर्ट, आजीच्या करवतकाठी लुगड्याचा काठ, जहाजाचे तिकीट, नकाशा आणि नकाशावरून फिरवलेला लाल दोरा. शेजारी दीड पानाचे टिपण: स्थलांतर, मुळे, स्मृती, ओळख. चित्रे संगणकावर जुळवलेली, इंकजेट यंत्राने उत्तम कागदावर काढलेली, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने ३/१० असा आकडा. मी विचारले, ठसा कुठे आहे? दालनातल्या मुलीने शांतपणे सांगितले, फाइल आहे.

तेव्हापासून अस्वस्थ आहे. पेन्सिलीच्या त्या आकड्यामागे कधीकाळी धातूची झीज होती. ड्रायपॉइंटच्या रेघेची कड थोड्या प्रतींतच दबून बसते, लाकडाच्या बारीक रेषा तुटतात, छापणाऱ्याचे खांदे भरून येतात. फाइल झिजत नाही. मग दहाच प्रती का? विक्रीसाठी, एवढेच उत्तर उरते. तरीही इंकजेटशी माझे भांडण थोडे आहे. खरे भांडण आहे ते वारसा हा चित्रात आणून ठेवायचा ऐवज आहे, या समजुतीशी. ट्रंकेतून वस्तू काढायच्या, स्कॅन करायच्या आणि टिपणात ‘ओळख’ हा शब्द घालायचा. मुद्राचित्राच्या माध्यमाला स्थलांतराबद्दल जे सांगता येते ते ठशातून, दाबातून आणि उलटेपणातून. तेच इथे गाळले गेले आहे.

मुद्राचित्रकार झरीना आठवतात त्या यासाठी. (हाश्मी हे आडनाव त्या चित्रांखाली लावत नसत.) अलीगढ, गणिताची पदवी, परराष्ट्र सेवेतला नवरा, पॅरिसमध्ये हेटर यांची ‘अतेलिए १७’ ही मुद्राचित्रशाळा, तोक्योत तोशी योशिदांचा स्टुडिओ, न्यूयॉर्क, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये लंडनला मृत्यू: हा प्रवास चित्रकलेच्या वाचकांना पाठ आहे. पण त्यांच्यावरचे लेखन अजूनही त्या प्रवासातच अडकते, चित्राच्या लाकडापर्यंत पोचतच नाही.

‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) हे चित्र घ्या. फिकट कागदावर एक जाड, वेडीवाकडी काळी रेघ आणि आजूबाजूला तुरळक काळे कण. फाळणीची रॅडक्लिफ रेषा, हे कोणीही ओळखेल. आता ती छापली कशी ते पाहा. काष्ठठशात जे छापायचे ते उभे ठेवावे लागते, बाकीचे खोदून टाकावे लागते. म्हणजे ही रेघ कोरलेली नाही. कोरला आहे तो तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख. पटाशीने इकडचे उपसायचे, तिकडचे उपसायचे, आणि सगळे गेल्यावर जी उरते ती सरहद्द. ते काळे कण म्हणजे दोन फटक्यांच्या मध्ये चुकून राहिलेले लाकूड. शिवाय ठसा उलटा कोरावा लागतो. कागदावर भारत उजवीकडे येतो, तर ठोकळ्यावर तो डावीकडे होता आणि पाकिस्तान उजवीकडे. फाळणी झाली तेव्हा झरीना दहा वर्षांच्या होत्या. पुढे आईवडील कराचीला गेले, त्या स्वतः जगभर फिरल्या, आणि १९४७ नंतर ५४ वर्षांनी टेबलावर ठोकळा ठेवून त्यांनी दोन्ही देश हातांनी खणून काढले. यावर वेगळे टिपण कशाला हवे? पटाशीच्या फटक्यांत सगळे आलेले आहे.

‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) या संचात ३६ काष्ठचित्रे आहेत. प्रत्येकाचा आधार एक उर्दू शब्द: घर, उंबरठा, अंतर, सीमा, भाषा. शब्द आधी आले, आकृत्या नंतर. आकृती इतकी काटकसरीची की घराचा नकाशा आणि भूमितीचे प्रमेय यांतला फरक पुसला जातो. गणित शिकलेल्या बाईचा हा हात आहे, आणि आठवण सांगताना तो जराही थरथरत नाही. ‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) मध्ये तो आणखी कठोर होतो. पाकिस्तानात राहणाऱ्या बहिणीने, राणीने, लिहून ठेवलेली पण पोस्टात न टाकलेली पत्रे: आईवडिलांचे जाणे, घर विकणे. ते हस्ताक्षर धातूच्या ठशावर उतरवले आणि त्यावर घराचे आराखडे, नकाशे छापले. पत्र वाचायला जावे तर घरच मध्ये येते. उर्दू न येणाऱ्यालाही ही अडवणूक कळते, कारण ती अर्थात नसून शाईच्या दोन थरांत आहे.

दुसरे नाव सोमनाथ होर. चितगाव हा त्यांचा जन्मजिल्हा सीमेपलीकडे गेला. त्यांच्या ‘वूंड्स’ मालिकेत नकाशा नाही, पासपोर्ट नाही, शाईसुद्धा नाही. मातीच्या पाटीवर सुरीने घाव, त्यावरून सिमेंटचा साचा, साच्यात कागदाचा लगदा. पांढऱ्यावर पांढरी जखम. अंगावर काटा आणणारी इतकी शांत चित्रे आपल्याकडे फार थोडी झाली.

आणि कृष्णा रेड्डी. आंध्रातून शांतिनिकेतन, मग पॅरिस, मग न्यूयॉर्क. त्यांनी ‘ओळख’ हा विषय असा हाती घेतला नाही. पण जे.जे.त शिकलेले कैको मोती आणि ते, या दोघांनी ‘अतेलिए १७’ मध्ये जे तंत्र घडवले त्याकडे स्थलांतराच्या डोळ्यांनी पाहावे. एकाच पत्र्यावर तेलाने पातळ केलेली शाई आणि तिच्यावर घट्ट शाई. पातळ शाई घट्ट शाईला आपल्यावर बसू देत नाही. मऊ रूळ खोलगट भागात पोचतो, कडक रूळ वरच्यावर फिरतो. रंग एकमेकांत कालवले जात नाहीत आणि तरी एका दाबात सगळे एका कागदावर येतात. ‘व्हर्लपूल’ (१९६३) मधले पाणी असे बनले आहे. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाचे मन याहून नेमके कोणी दाखवले असेल तर मला ते चित्र पाहायचे आहे.

नंतरच्या पिढीत चित्रा गणेश यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही २७ लिनोकटची मालिका (२०१८) जोमदार आहे, कारण तिथे चाकू चालला आहे. मसाल्यांच्या डब्यांची, मेंदीच्या हातांची आणि आजोबांच्या फोटोंची मुद्राचित्रे मी सोडून देतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: परदेशात वाढलेल्या मुलांनी आजीच्या लुगड्याबद्दल बोलायचेच नाही का? अवश्य बोलावे. पण लुगडे हे ‘अस्सल’, न हललेले, आपल्या मुळांचे, आणि आपण तेवढे हललेलो, ही मांडणी खोटी आहे. देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीचे उदाहरण घ्या. अशा कोलाजांत तीही वारसा म्हणून चिकटवलेली असते. ती लक्ष्मी घरोघरी पोचवली रविवर्म्यांच्या छापखान्याने. १८९४ साली तो मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मन, आणि शेवटी छापखाना विकत घेतला तोही श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडावर लक्ष्मी उलटी. आजीच्या भिंतीवर येण्याआधीच ती समुद्रापलीकडच्या हातांतून गेलेली होती. ज्याला दगडावर काम करता येते त्याला हे उमजते. स्कॅन करणाऱ्याला लक्ष्मी फक्त सोनेरी दिसते.

म्हणून मी टिपणांच्या विरोधात आहे. दालने कलावंताकडे आधी टिपण मागतात आणि मग चित्र, आणि टिपणात जन्मगाव, आजोळ, विस्थापन नसेल तर चित्र मुके ठरते. तरुण मुले हे पाहून शिकतात. माझ्या परिचयाच्या एका कलाशाळेत एचिंगचे प्रेस ताडपत्रीखाली झाकलेले आहे आणि शेजारच्या खोलीत विद्यार्थी ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ लिहायला बसलेले असतात. हे मला सहन होत नाही. मुद्राचित्राच्या प्रदर्शनात चित्राशेजारी ठसा मांडा. लाकूड, पत्रा, दगड, लिनोलियम, जे असेल ते. लोकांना त्यावरून बोट फिरवू द्या. ज्याच्याकडे मांडायला ठसा नाही त्याने आपल्या कामाला छायाचित्र म्हणावे, त्यात कमीपणा नाही.

त्या बारा चित्रांच्या कलावंताकडे माझे एकच मागणे आहे. तो करवतकाठी काठ लिनोलियमवर उलटा काढा आणि कोरायला घ्या. काठाचा एक दात उभा ठेवायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंचे लुगडे काढून टाकावे लागेल. दहा-बारा दात झाले की हात दुखेल, एखादा तुटेल, आणि तुटलेला तसाच छापायचा की पुन्हा सगळे कोरायचे हे ठरवावे लागेल. ते ठरले की मला बोलवा. पहिली प्रत ठशावरून उचलताना मला तिथे उभे राहायचे आहे.