उसना नाद आणि स्वनिर्मित नाद : 'डी ला सोल'चा सांगीतिक विकास

अमेरिकेतील हिप-हॉप संगीताची उभारणी मुख्यतः जुन्या ध्वनिमुद्रिकांतून उचललेल्या तुकड्यांवर झालेली आहे. लाँग आयलंड येथील 'डी ला सोल' या त्रयीचा १९८९ मधील पहिला गीतसंग्रह, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', हा या कलेचा अत्यंत संपन्न आविष्कार होय. भिन्न काळांतील व भिन्न प्रकृतीचे सूर तेथे एकत्र नांदतात आणि त्यांच्या अनपेक्षित शेजारातूनच विनोद निष्पन्न होतो. परंतु अनुमतीवाचून वापरलेल्या एका तुकड्यावरून 'द टर्टल्स' या वाद्यवृंदाच्या सदस्यांनी दावा लावला. १९९१ मध्ये बिझ मार्की यांच्या गीतासंबंधीच्या खटल्यात न्यायालयानेही अशा उचलीविरुद्ध निर्णय दिला. ही रचनापद्धती त्यामुळे दुष्कर झाली.

२०१६ मधील 'अँड द अनॉनिमस नोबडी' हा संग्रह म्हणजे या अडचणीस दिलेले उत्तर होय. श्रोत्यांच्या वर्गणीतून सिद्ध झालेल्या या संग्रहासाठी वादकांचे २०० हून अधिक तासांचे वादन प्रथम मुद्रित करण्यात आले व त्यातूनच तुकडे निवडण्यात आले. ऋणको येथे स्वतःचाच धनको झाला.

ही प्रगती निर्विवाद असली, तरी ती हानिरहित नव्हे. रचना अधिक प्रशस्त व एकजीव झाली. मात्र उसन्या तुकड्यासोबत येणारी पूर्वस्मृती नव्या वादनास लाभत नाही. ओळखीचा सूर परक्या ठिकाणी भेटण्याच्या आनंदास श्रोता मुकतो. 'विकास' या संज्ञेचा अर्थ येथे केवळ वृद्धी असा नसून, एका सामर्थ्याच्या मोबदल्यात दुसऱ्याची प्राप्ती असाच घ्यावा लागतो.