धूर कवा येते, थे सांगा

इंजिन ऑइल खातंय म्हटलं की बहुतेक गॅरेजांत उत्तर तयारच असतं: हाफ इंजिन करून टाका. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सील, पॅकिंगचा सेट, सगळं नवं. गाडी संध्याकाळी हातात मिळते, धूर थांबतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही महिन्यांनी धूर परत आला, तर दोष पार्टच्या क्वालिटीला. खामगावात नांदुरा रोडच्या बाजूला एका लहानशा गॅरेजात एका जुन्या स्प्लेंडरचं काम मी बसून पाहिलं. ते या वाटेनं गेलं नाही. कसं गेलं, हे बारकाईनं सांगण्यासारखं आहे.

आधी इंजिनाबद्दल. स्प्लेंडर १९९४ साली आली. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन आधीच्या सीडी १००चंच, आणि त्याचं कूळ होंडाच्या १९५८ सालच्या सुपर कबपर्यंत पोचतं. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी आणि सिलिंडर पुढच्या चाकाकडे तोंड करून जवळजवळ आडवा झोपलेला. पोटात ऑइल जेमतेम लिटरभर. त्यातच क्लच बुडालेला, त्यातच गिअर, आणि तेच ऑइल वर हेडपर्यंत चढतं. त्यामुळे पावशेर ऑइल जळालं तरी या इंजिनाला ते मोठं नुकसान असतं.

जळायला ऑइलला वाटा दोनच. एक खालून, पिस्टनच्या रिंगा ओलांडून. दुसरी वरून, वॉल्व्हच्या दांड्याला लागून गाईडमधून. निळा धूर दोन्ही वाटांनी सारखाच निळा दिसतो, म्हणून नुसता रंग पाहून फारसं काही हाती लागत नाही. रंगावरून एवढंच ठरतं की काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय आणि निळा असेल तर ऑइल. राजदूत, येझदी, चेतकवर वाढलेल्या पिढीला धुराचं वावडं नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, तेव्हा धूर यायचाच. फोर-स्ट्रोकमध्ये तो यायला नको, आणि आला तर तो कुठल्या घडीला आला याला सगळं महत्त्व.

गाडीचा मालक पिंपळगाव राजाकडचा शेतकरी. "लय धूर मारून राह्यली मिस्त्री," म्हणून त्यानं सुरुवात केली. दुसऱ्या एका गॅरेजात वॉल्व्ह सील बदलून झाले होते, फरक शून्य. मिस्त्रीनं गाडीला हातही लावला नाही.

"धूर कवा येते, थे सांगा भाऊ. किती येते थे मंग पाहू."

या एका प्रश्नावर मी फिदा आहे. मालक बोलत गेला आणि मिस्त्री मधेमधे विचारत गेला. सकाळी पहिल्या किकला येतो का? "सकायी तं नाही येत." बोथ्याचा घाट उतरून खाली आल्यावर परत रेस दिली की भसकन येतो का? तसंही नाही. मग? "डबलशीट बसलं अन् चढ लागला का मंग मांगं पाहाले नको."

हे तीन प्रश्न म्हणजे इंजिनाच्या तीन अवस्था आहेत. रात्रभर गाडी उभी राहिली की हेडमधलं ऑइल कमजोर सीलमधून थेंबथेंब उतरून बसतं आणि सकाळी पहिल्या धडाक्यात जळतं. मग धूर मिनिटभर येऊन थांबतो. घाट उतरताना अॅक्सिलेटर बंद, चाकं इंजिनाला फिरवतायत, कार्बोरेटरकडून हवा जवळजवळ मिळत नाही. सिलिंडरमध्ये जबर ओढ तयार होते आणि ती इनटेकच्या गाईडमधून ऑइल शोषते. खाली आल्यावर रेस दिली की ते एका झटक्यात पेटून मागे निळा लोट. दोन्ही खुणा वरच्या वाटेच्या, आणि दोन्ही इथे गैरहजर. भार पडल्यावर सलग येणारा धूर खालच्या वाटेचा. तिसरी, तेल पुसणारी रिंग भिंतीवर जास्त ऑइल सोडते आणि वरच्या दोन रिंगांतून जळलेला गॅस खाली क्रँककेसमध्ये घुसतो. खुर्चीवर बसल्या बसल्या मिस्त्रीनं अर्धं इंजिन बाजूला काढून ठेवलं होतं.

मग हात चालू झाले, तेही बाहेरूनच. इंजिन रॉकेलनं धुऊन, पुसून, गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि कुठे ओलं दिसतं ते पाहिलं. कुठेच नाही, म्हणजे गळती नाही. चालू इंजिनावर ऑइलची डिपस्टिक काढून तोंडावर तळवा धरला. गरम हवेचे ठोके हाताला लागत होते, धुराचा वासही होता. प्लग काढला तो काळा आणि ओशट. पेट्रोल जास्त जाणाऱ्या गाडीचा प्लग काळाच असतो, पण कोरडा. बोटाला काजळी लागते, तेल लागत नाही.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत आवडला. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून, अॅक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारल्या आणि काटा कुठवर चढतो ते खडूनं फरशीवर लिहिलं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून तेच पुन्हा. पुस्तकी नियम असा की ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं; काटा वर गेला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, जागेवरच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये. उभ्या सिलिंडरच्या बुलेटवर हे बिनचूक चालतं. आडव्या सिलिंडरमध्ये मात्र ऑइल खालच्या अंगाला जमतं आणि वरची फट उघडीच राहते. म्हणून त्यानं ऑइल सोडल्यावर हातानं किक हळूहळू दाबून पिस्टन बऱ्याचदा मागेपुढे केला, थोडं थांबला, मग गेज लावलं. काटा चढला. तरीही तो म्हणाला की एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही, आधीचं सगळं त्याच्याशी जुळतंय म्हणूनच मानायचं. पुराव्याला त्याच्या वजनाइतकंच वजन देणं, ही या माणसाची खरी जात.

आता कुठे पाना हातात आला.

हेड उतरलं. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर, पण कडेनं एक पट्टा धुऊन निघाल्यासारखा स्वच्छ. रिंगांच्या कडेनं वर येणारं ऑइल तिथे काजळी बसू देत नाही. हेडमधले वॉल्व्ह हलवून पाहिले, दांड्यांना खेळ नव्हता. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांत पेट्रोल ओतून हेड तसंच ठेवलं. वॉल्व्ह बसतात तिथून थेंबही पाझरला नाही. हेड कपड्यात गुंडाळून फळीवर गेलं.

ब्लॉक निघाल्यावर मोजमाप. बोअर गेज त्याच्याकडे नव्हतं. त्यानं एक नवी स्टँडर्ड रिंग घेतली, ब्लॉकच्या तळाशी बसवली, पालथ्या पिस्टननं ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजली. तिथे रिंग फिरत नाही, तेव्हा भिंत जवळपास मूळ मापाची: फट ०.२ मिमी. तीच रिंग वर, पिस्टन जिथवर येतो त्याच्या जरा खाली नेऊन मोजली: ०.५ मिमी. फरक ०.३. बोअरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या तीनपटीहून थोडी जास्त रिंगेची फट वाढते, परिघाचा साधा हिशेब आहे. म्हणजे वरच्या टोकाला बोअर साधारण ०.१ मिमी झिजलेला. ही झीज मर्यादेला टेकलेली. नुसत्या रिंगा घालून भागणार नव्हतं. शाळेत शिकलेला π एका काळ्या बोटांच्या माणसाच्या हाती इतका उपयोगी पडताना पाहून मला जो आनंद झाला, तो शब्दांत पकडणं कठीण आहे.

ब्लॉक उजेडात धरला. आतली भिंत चकचकीत. खामगाव चांदीचं गाव, इथे चकाकीवर जीव लावणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. पण बोअरची चकाकी हा आजार. चांगल्या बोअरवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात, त्या रेघांत ऑइल टिकतं. इथे त्या पुसल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी वरून खाली उतरणाऱ्या केसासारख्या उभ्या रेघा. मिस्त्रीनं नख फिरवलं. "हे गरम होऊन नाही झालं. धूळ गेली."

गाडी गरम होऊन पिस्टन धरतो तेव्हा ओरखडे एका बाजूला, रुंद आणि खरबरीत येतात. सगळीकडे बारीक उभ्या रेघा आणि सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाला, हे वरून आलेल्या धुळीचं काम. पण एअर फिल्टर तर नवा होता. मालकानं छातीठोक सांगितलं, हंगामात दर आठवड्याला तो काढून झटकतो. कपाशीच्या दिवसांत त्याच्या जिनिंगला खेपा असतात. खामगावचा कापूस जुना, जलंबहून आगगाडीचा फाटा १८७० साली इथवर आला तो कापसाच्या बाजारासाठीच. जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू हवेत तरंगतात, फिल्टर चोंदतो, गाडी ओढत नाही, म्हणून मालक फिल्टर काढतो. दर वेळी फिल्टरच्या डब्यातून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप थोडा ओढला जातो, थोडा पिळतो.

मिस्त्रीनं तो पाइप काढून बोटांनी वाकवला. क्लॅम्पच्या खाली, गाडीवर असताना दिसणारच नाही अशा जागी, अर्धगोल चीर उघडली. आतून बोट फिरवून त्यानं ते मालकाच्या बोटावर घासलं. कचकच लागली. काळ्या मातीच्या रस्त्यावरचा फुफाटा फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये जात होता. तंतू झटकायला काढलेला फिल्टर, आणि त्या काढण्यातून फाटलेला पाइप. हाफ इंजिन करून गाडी बाहेर पडली असती तर नवा बोअरही याच चिरेनं खाल्ला असता. या कामाचा सगळा कळस माझ्या मते या स्वस्तातल्या रबराच्या तुकड्यात आहे.

पुढचं काम नेटकं, पण त्यावर फार रेंगाळत नाही. आधी ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन आणला आणि तो पिस्टन हातात देऊनच ब्लॉक लेथवाल्याकडे गेला, कारण बोअर पिस्टनच्या मापानं करायचा असतो. होनिंग झालेला ब्लॉक साबणाच्या गरम पाण्यानं घासला. रॉकेलनं होनिंगची धूळ रेघांतून पुरती निघत नाही, पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत घासावं लागतं. रिंगांवरची खूण वर, तिन्हींच्या फटी एकमेकींपासून दूर, पिनचे लॉक नवे, आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात कापडाचा बोळा.

पहिल्या किकला गाडीनं धूर सोडला आणि मालकाचा चेहरा उतरला. सायलेन्सरच्या पोटात महिन्यांचं ऑइल साचलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो. "शेगावले जाऊन या. ५०च्या वर नका जाऊ, पण एका रेसवर बी नका चालवू. उभी ठेवून तं चालूच नका ठेवू." नव्या रिंगा भिंतीला घट्ट बसतात त्या त्यांच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबानं, भार नसेल तर दाब नाही, आणि दाब नसेल तर रेघा नुसत्याच गुळगुळीत होतात. नव्या इंजिनाला जपायचं म्हणून अतिशय हळू चालवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

एका बाबतीत माझं त्याच्याशी पटलं नाही. हेड उघडलंच होतं तर सीलही बदलायला हवे होते. ते आधीच्या गॅरेजात बसवलेले, किंमत किरकोळ, आणि उद्या तिथून ऑइल उतरलं तर सगळी खोलाखोली पुन्हा. तो म्हणाला, सकाळचा धूर नाही, घाटाचा नाही, दांड्यांना खेळ नाही. मग कशावरून बदलू? ५०० किलोमीटरला ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा मी तिथेच होतो. गाडी मेन स्टँडवर घेतली, डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहिली. लेव्हल वरच्या खुणेला. काढलेलं ऑइल करडं होतं, नव्या रिंगांचा बारीक चुरा त्यात चमकत होता, चोळल्यावर कचकच नव्हती. मालक त्या दिवशी बोथ्यावरूनच घाट उतरून आला होता. सील अजूनही तेच आहेत.